टायरची आतली कड आधी बघा

एकदा पंक्चर काढायला चाक खोललं आणि बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या टायरच्या आतल्या, म्हणजे गाडीखालच्या बाजूच्या, कडेला रबराखालच्या तारा उघड्या पडलेल्या दिसल्या. आदल्याच दिवशी त्याच टायरवर मुलांना घेऊन मी लांबचा प्रवास करून आलो होतो. तेव्हापासून महिन्यातून एकदा, गाडी गार असताना, टायरपाशी बसतोच.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून इंजिन बंद करा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसते. मग दुसऱ्या बाजूला वळवा. मागच्या टायरसाठी टॉर्च घेऊन खाली वाकावंच लागतं, आणि नेमका तेवढ्याचाच आपण कंटाळा करतो.

तारा दिसत नसतील तर नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला कळतं. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ बसवण्याचा कोन, बिघडलंय. एकच कड झिजली असेल तरी बहुधा तेच. ठिकठिकाणी खळगे लागले तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासून घ्या. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी.

मुख्य खाचांच्या तळाशी रबराच्या आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मी मात्र ३ मिलिमीटरलाच बदलतो, कारण खाचा उथळ झाल्या की ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते.

बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत. खड्ड्यात जोरात आदळल्यावर असं होतं. त्याला दुरुस्ती नाही, त्या टायरवर गाडी पळवू नका. खिळा दिसला तर तिथल्या तिथे उपटू नका, हवा झटकन जाईल.

टायर कधी बनला ते कळायला भिंतीवरच्या डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर तडकतं.

हवा किती भरायची ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी भरू नका. आणि स्टेपनीतली हवाही त्याच वेळी मोजून घ्या.