चिखलातली शर्यत: आधी बूट सांभाळा
सुट्ट्यांमध्ये ट्रेल रेसला, म्हणजे रानातल्या कच्च्या वाटेवरच्या धावण्याच्या शर्यतीला, नाव नोंदवलंय आणि वाट चिखलाची आहे? मग वेळेचा हिशेब घरीच ठेवून या. चिकट गाळात पाय रुतला की बूट मागे राहतो आणि आपण नुसत्या मोज्यावर पुढे! माझं झालंय, मागचे मनसोक्त हसले. म्हणून सुरुवातीलाच नाडी घोट्याशी घट्ट आवळा, दुहेरी गाठ मारा, टोकं आत खोचा.

बुटाच्या तळाचे दात ५ ते ८ मिलिमीटर खोल हवेत. रस्त्यावर धावायचे बूट इथे साबणासारखे सरकतात. पावलं आखूड टाका, पाय कमरेच्या खालीच पडू दे. डबकं आलं की आपण कडेकडेने जातो, पण कड उतरती असते आणि घोटा तिथेच मुरगळतो. त्यापेक्षा सरळ मधून जा. खोलीचा अंदाज नसेल तर पुढच्याचा पाय कुठवर बुडतो ते बघा.

आदल्या रात्रीची मेजवानी? बेतानेच.

शर्यत संपताच ओले कपडे बदला, अंग झपाट्याने गार पडतं. बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. हीटरजवळ मात्र ठेवू नका, तळाचा गोंद सुटतो.