चोक ओढल्यावरच चालणारी गाडी

बाबांची १९९८ सालची शंभर सीसीची मोटरसायकल मी अजून परळ ते सायन रोज चालवतो. या पावसाळ्यात ती सिग्नलला बंद पडायला लागली. चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) अर्धा ओढला की नीट, सोडला की भकभक. स्पार्क प्लग काढला तर टोक पांढरंफटक. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त.

गॅरेजवाल्याने दोनदा कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) साफ केला, पैसे घेतले, फरक शून्य. मग रविवारी चाळीच्या अंगणात मीच बसलो. फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाचा ड्रेन स्क्रू सोडला, तर पेट्रोलखाली पाण्याचे चार थेंब, मण्यांसारखे. पायलट जेट, म्हणजे इंजिन हळू चालताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी भाग, हवा मारून साफ केला. त्यात तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. एअर फिल्टरही चिखलाने भरलेला होता, तो बदलला.

तरीही तेच! मग इंजिन आयडलवर (रेस न देता हळू चालू) ठेवून कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला. आवाज लगेच बदलला. रबर काढून बोटांनी वाकवलं, तर खालच्या बाजूला नखभर चीर. वरून काहीच दिसत नव्हतं. तिथूनच फुकटची हवा आत जात होती.

कुर्ल्याहून नवं रबर आणि ओ-रिंग आणली, क्लॅम्प आवळले. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण जुळवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरी बाहेर घेतला, तेही इंजिन गरम झाल्यावर पुन्हा जुळवलं. आता चोक फक्त सकाळी पहिल्या किकला लागतो.