बेवारस पॅकेजेसची साफसफाई स्क्रिप्टवर सोपवताय? या चुका टाळा

नांदेडला आम्ही काहीजण आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी छोटी रेपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअर पॅकेजेसचा साठा, चालवतो. त्यातली बेवारस पॅकेजेस काढणाऱ्या माझ्या पहिल्या स्क्रिप्टची अट एकच होती: दोन वर्षांत कमिट (नोंदवलेला बदल) नाही, तर पॅकेज काढा. सगळ्यात आधी गेले मराठी फॉन्ट. फॉन्टमध्ये दर महिन्याला बदलायचं तरी काय? पेरणी लांबली म्हणून रान पडीक ठरत नाही. पॅकेज स्वच्छ सीएच-रूटमध्ये (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या, कोऱ्या जागेत) बिल्ड करून बघा. बिल्ड होत असेल आणि सुरक्षेची तक्रार नसेल, तर तारीख कितीही जुनी असो, राहू द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडली. सोर्सचा (मूळ कोडचा) पत्ता जिवंत आहे का, हे स्क्रिप्ट रात्री दोनला तपासायची. एकदा वादळात लाइट गेली. सर्व्हर यूपीएसवर चालू, राउटर बंद. पत्त्यावरून फाइल आणणाऱ्या कर्लला सगळीकडे टाइमआउट, आणि सकाळी 41 पॅकेजेस यादीतून गायब! रेपो-रिमूव्ह फक्त डेटाबेसमधली नोंद काढतं, फाइल डिस्कवरच राहते, म्हणून रेपो-अ‍ॅडने सगळं परत घेता आलं. तेव्हा 404 (तिथे फाइलच नाही) आणि टाइमआउट (उत्तरच आलं नाही) एकाच मापाने मोजू नका. वेगवेगळ्या दिवशी तीनदा तपासा. एका फेरीत पाचपेक्षा जास्त नावं निघाली, तर स्क्रिप्टने काहीही न काढता थांबावं आणि मेल पाठवावा.

कोण कोणावर अवलंबून आहे हे बघताना नुसतं डिपेंड्स (चालायला लागणारी पॅकेजेस) चाळू नका. मेकडिपेंड्स (बिल्ड करताना लागणारी) बघा, प्रोव्हाइड्स (पॅकेज ज्या इतर नावांनी चालतं ती) तर नक्कीच बघा. दुसऱ्या पॅकेजला हेच पॅकेज वेगळ्या नावाने लागत असतं.

मेंटेनरला (पॅकेज सांभाळणाऱ्याला) विचारल्याशिवाय पॅकेज अनाथ, म्हणजे बिनमालकाचं, करू नका. एयूआरमध्ये (आर्चच्या वापरकर्त्यांनी बनवलेल्या पॅकेजेसच्या संग्रहात) अशा विनंतीवर त्याला साधारण दोन आठवडे मिळतात. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये अनाथ पॅकेज सहा आठवडे कोणी घेतलं नाही, तरच निवृत्त होतं.

आणि अनाथ पॅकेज मागेल त्याला आपोआप देऊन टाकणं, ही मला सगळ्यात धोक्याची गोष्ट वाटते. जुलै 2018 मध्ये एयूआरवरचं अनाथ ॲक्रोरीड (पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअर) एकाने दत्तक घेतलं आणि पीकेजीबिल्डमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) कर्लची एक ओळ घातली. ती ओळ बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवायची. नाव जुनं, ओळखीचं, म्हणून लोक बिनधास्त अपडेट करतात. नव्या मालकाचा पहिला बदल कोणीतरी डोळ्यांनी वाचेपर्यंत तो प्रसिद्ध होऊ देऊ नका.