एअर फिल्टर बदलल्यावर मोटरसायकलचे ट्यूनिंग करावे का, हे कसे ठरवावे

एअर फिल्टर बदलला की ‘आता जेटही (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारे छोटे भोकाचे नोझल) बदलावा लागेल’ असे काही गॅरेजमध्ये सांगितले जाते, तर काही ठिकाणी ‘गाडी आपोआप जुळवून घेते’ असे सांगून विषय संपवला जातो. ही दोन्ही उत्तरे काही गाड्यांच्या बाबतीत खरी आणि इतरांच्या बाबतीत चुकीची आहेत. नेमके काय बदलले, पेट्रोल कार्ब्युरेटर पुरवतो की इंजेक्टर, आणि गाडी बहुतेक वेळ किती थ्रॉटलवर, म्हणजे मूठ किती पिळून, चालते, हे पाहिल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये. येथे उदाहरणासाठी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेतली आहे, कारण २००९ पासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत ती कार्ब्युरेटरवर होती आणि प्रदूषणाच्या बीएस६ नियमांसोबत इंजेक्शनवर आली. एकाच नावाच्या गाडीवर दोन्ही व्यवस्था पाहायला मिळतात.

सर्वप्रथम, बदल फिल्टरमध्ये झाला आहे की फिल्टरच्या पेटीमध्ये, हे स्पष्ट करून घ्यावे. कंपनीचा कागदी फिल्टर काढून तसाच नवा बसवला असेल, तर ट्यूनिंगचा प्रश्नच येत नाही. मूळ पेटी, तिचे झाकण आणि हवा आत घेणारी नळी जशीच्या तशी ठेवून केवळ आतला फिल्टर तेल लावलेल्या सुती जाळीचा बसवला असेल, तरीही बहुतेक गाड्यांना काही करावे लागत नाही, कारण हवेला होणारा अडथळा मुख्यतः पेटीच्या तोंडाशी असतो आणि ते तोंड बदललेले नसते. मात्र झाकणाला भोके पाडली, नळी काढून टाकली किंवा पेटीच हटवून कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला, तर हवेचा सगळा हिशोब बदलतो. पेटी म्हणजे धूळ अडवणारे खोके नव्हे. तिचे आकारमान आणि नळीची लांबी इंजिनाच्या ओढीला अनुसरून ठरवलेली असते.

या फरकामागचे कारण समजून घेणे उपयोगाचे आहे. ३४६ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन ५,२५० आरपीएमवर, पूर्ण भरले असे धरले तर, मिनिटाला सुमारे ९०० लिटर हवा ओढते. इतकी हवा ओढली जात असताना फिल्टरचा अडथळा जाणवतो. पण साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना थ्रॉटल जेमतेम उघडा असतो, आणि हवा खऱ्या अर्थाने तिथेच अडवली जाते. तोटी अर्धवट उघडी असताना मागचा पाइप कितीही रुंद केला तरी बादली लवकर भरत नाही. म्हणूनच फिल्टर बदलल्याचा परिणाम पूर्ण थ्रॉटलवर सर्वांत जास्त आणि मंद चालीत सर्वांत कमी दिसतो, आणि शहरातल्या शहरात गाडी फिरवून ‘काही फरक नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. फ्लोट बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी, सहसा बाहेरच्या हवेला उघडा असतो, आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यात दाब जितका कमी तितके पेट्रोल जास्त वर ओढले जाते. फिल्टरचा अडथळा हा दाब आणखी कमी करतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरची गाडी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालते, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घटते. अडथळा दूर केला की हवा वाढते आणि पेट्रोलची ओढ मात्र कमी होते, म्हणजे मिश्रण दोन्ही बाजूंनी लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होते. यातून एक व्यावहारिक सूचना निघते: जुना फिल्टर चोंदलेला असताना कोणी स्क्रू फिरवून गाडी ‘जुळवून’ दिली असेल, तर कंपनीचाच नवा फिल्टर बसवल्यावरही ती लीन चालू शकते. अशा वेळी नवे ट्यूनिंग करू नये, तर स्क्रू कंपनीच्या मूळ मापावर परत आणावा.

जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांच्या मालकांनी आज इंधनाचाही विचार करणे आवश्यक आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० इंधनाला सुमारे १३.५ पटच पुरते. जेट तोच राहिला तर ई२० वर मिश्रण आपोआप लीन होते. २०२५ पर्यंत हे इंधन देशभरातील पंपांवर पोहोचले, त्यामुळे पूर्वी उघड्या फिल्टरवर बरी चालणारी गाडी आता धोक्याच्या काठावर आलेली असू शकते. माझ्या मते जुन्या गाडीवर उघडा फिल्टर लावण्याविरुद्धचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

तपासणी कशी करावी

ट्यूनिंगला हात लावण्यापूर्वी हवेची गळती शोधावी. फिल्टर बदलताना रबरी नळी नीट न बसणे, क्लिप सैल राहणे किंवा इंजिनाच्या बाजूचे रबर तडकणे हे नेहमी घडते, आणि त्याची लक्षणे लीन मिश्रणासारखीच असतात. गाडी आयडलवर ठेवून कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधल्या जोडावर थोडे साबणाचे पाणी फवारावे. रेस क्षणभर बदलली तर तिथे गळती आहे. या कामासाठी पेट्रोल कधीही वापरू नये. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत जात असेल तरीही थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजतात, म्हणून केवळ फटाक्यांवरून मिश्रण लीन आहे असे ठरवू नये.

त्यानंतर इंजिन पूर्ण गरम करून मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो हलक्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळून पाहावी. गाडी ओढताना अडखळत असेल आणि मूठ किंचित मागे घेताच उलट जास्त जोराने ओढत असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल कमी पडत आहे. मधल्या थ्रॉटलसाठी चोकचा उपयोग करावा: स्थिर वेगात चोक थोडासा ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, आणि लगेच दबली तर ते पुरेसे किंवा रिच आहे.

प्लग पाहणे ही जुनी आणि अजूनही विश्वासार्ह रीत आहे, परंतु ती घाईने करू नये. नवा प्लग लावून काही अंतर चालवावे, पूर्ण थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून किल स्विच बंद करावा, आणि मागे वाहन नसल्याची खात्री करून गाडी कडेला आणावी. आयडलवर घरापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलबद्दल सांगतो. आजच्या इंधनावर प्लगला पूर्वीसारखा गडद तपकिरी रंग चढत नाही, म्हणून पांढऱ्या चिनी मातीच्या तळाशी, आत खोलवर, फिकट कॉफीसारखे कडे दिसते का ते पाहावे. तळापर्यंत पांढरीफेक आणि ठिपकेदार झालेली चिनी माती हा धोक्याचा इशारा आहे. अशी गाडी हायवेवर दामटली तर पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. हे परीक्षण नेहमीच्या उंचीवरच करावे. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते, त्यामुळे तिथे ठीक दिसणारा प्लग कोकणात उतरल्यावर लीन ठरू शकतो.

कार्ब्युरेटरमध्ये दुरुस्ती

लक्षणे खरोखर लीनची असतील तर मेन जेटपासून सुरुवात करावी, कारण पाऊण ते पूर्ण थ्रॉटलवर त्याचेच राज्य असते. जेटवरचा आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी एकच आकडा वर जावे आणि प्रत्येक बदलानंतर तीच रस्त्यावरची चाचणी पुन्हा घ्यावी. पाव ते पाऊण थ्रॉटलचा भाग निडल, म्हणजे जेटमध्ये वरखाली होणारी निमुळती सुई, सांभाळते. तिची क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते. काही कार्ब्युरेटरांत निडलला खाचाच नसतात. तिथे अगदी पातळ वॉशर घालून ती उचलतात. आयडलचा स्क्रू शेवटी घ्यावा आणि त्याची जागा आधी पाहावी: स्लाइडच्या (हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या झडपेच्या) फिल्टरकडील बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू असून आत फिरवल्यावर मिश्रण रिच होते, इंजिनाकडील बाजूला असेल तर तो इंधनाचा असून बाहेर फिरवल्यावर रिच होते. इथली गल्लत फार वेळा होते. क्लासिकसारख्या गाडीवरील व्हॅक्यूमने उचलल्या जाणाऱ्या स्लाइडचा कार्ब्युरेटर पेटीतल्या स्थिर दाबावर अवलंबून असल्याने, पेटी काढून टाकल्यावर केवळ जेट मोठा करून तो पूर्वीइतका सुरळीत होईलच असे नाही.

इंजेक्शनच्या गाडीत

सायलेन्सरच्या पाइपवर वायर जोडलेला सेन्सर दिसत असेल तर तो ऑक्सिजन सेन्सर होय. त्याच्या साहाय्याने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा नियंत्रक संगणक, मंद आणि मध्यम चालीत मिश्रण सतत सुधारत असतो, म्हणून पेटीतला फिल्टर बदलल्याने होणारा लहान फरक तो स्वतःच भरून काढतो. पण इंजिन थंड असताना आणि पूर्ण थ्रॉटलवर तो या सेन्सरकडे लक्ष देत नाही, आधीच भरलेल्या तक्त्यानुसार पेट्रोल सोडतो. त्यामुळे ‘आपोआप जुळते’ हे विधान निम्मेच खरे आहे. शक्य असल्यास गाडीला चालणाऱ्या जोडणीच्या ओबीडी रीडरवर (ईसीयूतील आकडे वाचणाऱ्या उपकरणावर) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये कायम करत असलेली दुरुस्ती, पाहावा. तो साधारण १० टक्क्यांच्या आत स्थिर असेल तर रोजच्या वापरासाठी काहीही करण्याची गरज नाही. तो त्याहून बराच वर गेला, किंवा फिल्टरसोबत सायलेन्सरही मोकळा बसवला असेल, तर डायनोवर (गाडी जागेवरच चालवून मोजणाऱ्या यंत्रावर) मिश्रण अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून पूर्ण थ्रॉटलचे हवा-पेट्रोल गुणोत्तर मोजून घ्यावे. ते १२.५ ते १३.२ च्या आसपास असणे इष्ट असते (ही मोजणी साध्या पेट्रोलच्या मापपट्टीवर असते). ऑक्सिजन सेन्सरला चुकीचा संकेत देणारी स्वस्त उपकरणे लावू नयेत. ती मोजमाप बिघडवतात आणि जिथे पेट्रोल खरोखर हवे त्या पूर्ण थ्रॉटलवर त्यांचा उपयोग होत नाही.

रोज कामावर नेण्याच्या गाडीची मूळ पेटी काढूच नये, असे मी आग्रहाने सांगेन. उघडा फिल्टर इंजिनाजवळची गरम हवा ओढतो, पावसाळ्यात भिजतो, आणि कच्च्या रस्त्यावरची बारीक धूळ आत गेली तर रिंगा आणि सिलिंडर घासतात. ज्यांनी बदल केलाच असेल त्यांनी मूळ जेट, क्लिपची मूळ खाच आणि स्क्रूच्या फेऱ्यांची नोंद कागदावर लिहून सुट्या भागांसोबत पिशवीत ठेवावी, वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, आणि ट्यूनिंगनंतर लगेच पीयूसी तपासणी करून आयडलवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेत आहे याची खात्री करावी.