गेम टेस्टिंगच्या दारातून

पुण्यात गेम कंपनीत शिरायचं असेल आणि हातात ना चित्रकला ना पक्कं कोडिंग, तर टेस्टिंग हे अजूनही सगळ्यात जवळचं दार आहे. मी तिथूनच आत आलो, आता डिझाइनचं काम करतो. ‘आमचा दिवसभर पबजी खेळतो, याचं काही होईल का?’ असं विचारणारे काका-मावश्या दर निकालाच्या मोसमात भेटतात, म्हणून हे एकदा सविस्तर.

भरपूर खेळलेलं असणं उपयोगी पडतं, पण थोडंच. खेळाडूला पुढची लेव्हल हवी असते. टेस्टर त्याच लेव्हलच्या त्याच कोपऱ्यात तासभर अडून बसतो. पळत भिंतीवर आदळतो, उडी मारतानाच मेनू उघडतो, खरेदीचं बटण दोन बोटांनी एकदम दाबतो. नवीन बिल्ड, म्हणजे गेमची ताजी चाचणी-आवृत्ती, आलं की काल सुधारलेला बग (गेममधली चूक) खरंच गेला का, आणि तो घालवताना शेजारचं काही मोडलं का, हे पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. तेच ट्युटोरिअल महिनोन्‌महिने. हे वाचूनच जांभई आली असेल त्याने सरळ कोडिंग शिकावं, मनापासून सांगतो.

खरी परीक्षा लिहिण्यात होते. ‘दुकान उघडत नाही’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट प्रोग्रामर परत पाठवतो, आणि त्याचं बरोबर असतं. फोनचं मॉडेल, रॅम, अँड्रॉइडची आवृत्ती, बिल्ड नंबर, काय काय कोणत्या क्रमाने केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि दहापैकी किती वेळा झालं, हे सगळं हवं. उदाहरण देतो. ‘नाण्यांसाठी जाहिरात लावली. मधेच कॉल आला. कॉल कट करून परत आलो तर जाहिरात गायब आणि नाणीही मिळाली नाहीत. दहापैकी सात वेळा घडलं, पण फक्त मोबाइल डेटावर. वायफायवर एकदाही नाही.’ ती ‘वायफायवर नाही’ची ओळ प्रोग्रामरचा अर्धा दिवस वाचवते. आपल्याकडची बरीच मुलं इंग्रजी भारी नाही म्हणून इथे बिचकतात. गरज नाही. छोटी, सरळ वाक्यं लिहा.

वरचा बग किरकोळ वाटेल, पण आपल्याकडच्या मोबाइल गेमचा संसार बऱ्याच अंशी अशा जाहिरातींवर चालतो. भारतात डाउनलोड उदंड, खिशातून पैसे देणारे थोडे. जाहिरात बघून बक्षीस मिळालं नाही की खेळाडू चिडतो आणि पुढच्या वेळी बघत नाही. कंपनीचं उत्पन्न तिथेच गळतं. म्हणून टेस्टरला इथल्या खेळाडूच्या सवयी माहीत हव्यात: फोन आईचा असतो, स्टोरेज भरलेलं असतं, व्हॉट्सअ‍ॅपला जागा हवी झाली की पहिला बळी गेमचा जातो. नवी मुंबईच्या गेमेशनने २०१६ मध्ये काढलेला ‘लुडो किंग’ आठवा. नेट नसतानाही चालतो, एकाच फोनवर घरातले चौघे खेळतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घरोघरी पोचला, त्यात या साधेपणाचा मोठा वाटा आहे असं माझं मत.

आता पैशाची दुसरी बाजू. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. त्यावर पोट असलेल्या ईस्पोर्ट्स खेळाडूंचं, सामन्यांचं समालोचन करणाऱ्या कास्टरांचं काय झालं असेल विचार करा. पैसे लावून खेळायच्या गेमचं तर त्याहून वाईट. ऑक्टोबर २०२३ पासून जमा रकमेवर २८ टक्के जीएसटी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये थेट बंदीचा कायदा. ड्रीम११ सारख्या बड्या कंपनीलाही पैशाच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. या क्षेत्रातून बाहेर पडलेली अनुभवी माणसं आज नोकरीच्या रांगेत तुमच्या पुढे उभी असतात.

त्यामुळे मुलाखतीत तुम्हीही एक प्रश्न विचारा: तुमचा पैसा कुठून येतो? जाहिराती, गेममधली खरेदी, गुंतवणूकदार, की परदेशी क्लायंटचं काम? क्लायंटच्या कामात शिस्त छान लागते, पण करारामुळे केलेलं काम कुणाला दाखवता येत नाही, आणि सूत्रं दुसरीकडे असतात. बड्या कंपनीच्या इथल्या शाखेतही तेच. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या रीमेकचं काम युबिसॉफ्टने पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे दिलं होतं, २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२२ मध्ये ते मॉन्ट्रियलला गेलं. स्वतःचा गेम काढणाऱ्या छोट्या कंपनीत, जसा पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ काढला, सगळं शिकायला मिळतं. मात्र पुढच्या वर्षीचा पगार कुठून येणार याची खात्री कमी.

महागड्या कोर्सबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गेम बनवायची सॉफ्टवेअर घ्या: गोडो फुकट आहे, युनिटी आणि अनरीअलही शिकायला फुकट. एक अगदी छोटा गेम पूर्ण करून प्ले स्टोअरवर टाका. नोंदणी एकदाच २५ डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवावे लागतात. मित्रांना गोळा करा, त्यांचे बग वर सांगितलेल्या पद्धतीने लिहा आणि तीच फाइल रेझ्युमेला जोडा. मुलाखतीत मी समोर बसलेला असतो तेव्हा सर्टिफिकेटच्या आधी ती उघडतो.

ऑफर आली की नोकरी कंपनीच्या पेरोलवर आहे की कंत्राटदाराच्या, हे लेखी विचारून घ्या. टेस्टिंगमध्ये कंत्राटी भरती बरीच चालते, गेम बाजारात आला की कंत्राट संपू शकतं. रिलीजच्या आधीच्या आठवड्यांत रात्री उशीर होतो. घरी परतायला गाडी मिळते का, तेही त्याच वेळी विचारा.