सेकंडहँड बजाज पल्सर एनएस २०० बघायला चाललाय?

सकाळी जावा, मालकाला आधीच सांगा गाडी चालू करून ठेवू नको, आणि गेल्या गेल्या इंजिनला हात लावा, कोमट लागलं की समजा कायतरी लपवतोय. ही नेकेड गाडी, म्हणजे इंजिन झाकणारं प्लॅस्टिकचं कव्हर (फेअरिंग) नसतं, त्यामुळं पडल्याच्या खुणा लिव्हरच्या टोकावर, इंजिन कव्हरवर दिसतात, पण हँडल पूर्ण वळवून फ्रेमवरचा स्टॉपर (हँडल जिथं अडतं तो भाग) बघाच, चेपलेला असला तर गाडी जोरात आपटलीय. मी बघितला नव्हता, विजापूर रोडला हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडंच! टायर कधी बनला ते सांगणारे त्यावरचे चार आकडे वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. सोलापूरच्या उन्हात रेडिएटरचा फॅन फिरतोय ना? एमएच १२ ची, म्हणजे पुण्याची असली तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), लोन असलं तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९-३०, आणि जुनी चलानं त्यालाच भरायला लावा.