अ‍ॅम्प्लिफायरचा ‘धप्प’ आवाज: आधी मोजा, मग घालवा

पंचवटीतल्या एका भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला आला. पहाटे काकड आरतीआधी बटण दाबलं की स्पीकरमधून धप्प, आणि बंद करताना पुन्हा टक्. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी आवाज तेवढाच. अर्धं निदान इथेच होतं. व्हॉल्यूमने कमी-जास्त न होणारा धप्प व्हॉल्यूमच्या नंतरच्या, म्हणजे स्पीकरच्या बाजूच्या भागातून येतो.

मोजण्यासाठी स्पीकर काढा आणि त्याच्या जागी ८ ओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स लावा. इनपुट शॉर्ट करा. स्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) डीसी कपलिंगवर, सिंगल ट्रिगरवर (एकदाच टिपून थांबेल असा), ५० मिलिसेकंद प्रति चौकोन असा ठेवा. मल्टिमीटर इथे कामाचा नाही. त्याचा आकडा हलेपर्यंत धप्प होऊन गेलेला असतो. ब्रिज जोडणीचा अ‍ॅम्प (स्पीकरच्या दोन्ही तारा आउटपुटलाच, एकही ग्राउंडला नाही) असेल तर प्रोबचा ग्राउंड क्लिप कुठल्याही आउटपुटला लावू नका, आउटपुट शॉर्ट होऊन आयसी उडेल. दोन प्रोब लावून वजाबाकी घ्या.

आता दहा वेळा सुरू करा, दहा वेळा बंद करा. दर वेळी कपॅसिटर पूर्ण रिकामे होऊ द्या. बटण एसीच्या लहरीत नेमकं कुठे दाबलं जाईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून सगळ्यात मोठा आकडा धरा. सुरू आणि बंद यांची नोंद वेगवेगळी ठेवा, कारण दोन्हींची कारणं वेगळी असतात. लाइट जाऊन लगेच येते तसंही एकदा करून बघा. फक्त व्होल्टवर मात्र विसंबू नका: हळू चढणारं व्होल्टेज कानाला जाणवत नाही, तेवढंच झटक्याने आलं तर टोचतं. म्हणूनच कंपन्या हे माप ए-वेटिंग फिल्टरमधून, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणाऱ्या फिल्टरमधून घेतात.

मंडळाचा अ‍ॅम्प २४ व्होल्टच्या एकाच सप्लायवर चालणारा होता. अशा अ‍ॅम्पमध्ये आउटपुट १२ व्होल्टवर बसतं आणि स्पीकरच्या आधीचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिथपर्यंत भरताना करंट स्पीकरमधूनच जातो. कोन पुढे उडून परत बसताना चक्क डोळ्यांना दिसत होता. हे १२ व्होल्ट किती हळू चढतात ते बायसचा, म्हणजे हे मधलं व्होल्टेज ठरवणाऱ्या भागाचा, कपॅसिटर ठरवतो. तो काढून मोजला. अंगावर २२ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर जेमतेम २. वर्षानुवर्षं ट्रान्सफॉर्मरशेजारी तापून आतून सुकला होता. नवा टाकल्यावर १.३ व्होल्टचा धप्प ०.२ व्होल्टच्या आत आला, म्हणजे १६ डेसिबलहून जास्त फरक. खर्च एका कपॅसिटरचा. म्हणून महागडं सर्किट जोडण्याआधी असे सुकणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासा, असं मी आग्रहाने सांगतो.

टीडीए ७२९४ सारख्या आयसीत म्यूट (आवाज दाबणारा) आणि स्टँडबाय (आयसी झोपवणारा) असे वेगळे पाय असतात. सुरू करताना आधी स्टँडबाय सुटला पाहिजे, मग म्यूट. बंद करताना आधी म्यूट, मग स्टँडबाय. हा क्रम चुकला की धप्प आलाच. दुहेरी (अधिक आणि उणे) सप्लायच्या अ‍ॅम्पला स्पीकर रिले, म्हणजे स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच लावा. यूपीसी १२३७ या आयसीवर तो सहज बनतो: सुरू झाल्यावर काही सेकंद थांबून स्पीकर जोडतो, आणि आउटपुटवर डीसी आला तर तोडतोही.

बंद करतानाचा टक् बहुतेक जण सोडून देतात. रिलेचं सेन्सिंग, म्हणजे सप्लाय गेला हे ओळखणं, फिल्टर कपॅसिटरनंतरच्या डीसीवरून घेतलं असेल, तर सप्लाय ढासळून आवाज होऊन जातो आणि रिले त्यानंतर सुटतो. सेन्सिंग ट्रान्सफॉर्मरच्या एसीवरून घ्या. तरीही टक् राहिला तर तो मेन स्विचच्या ठिणगीचा. स्विचच्या दोन टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ (मेन लाइनवर लावायला सुरक्षित असा वर्ग), २७५ व्होल्टचा कपॅसिटर सिरीजमध्ये लावा. साधा कपॅसिटर तिथे कधीही नको. आणि यानंतर स्विच बंद असतानाही आत थोडा करंट झिरपत राहतो, म्हणून डबा उघडण्याआधी सॉकेटमधून पिन काढाच.

शेवटी स्पीकर परत जोडून, खोलीतला पंखा बंद करून, कान कोनाजवळ नेऊन ऐका.